हलगी कोणत्या विषयात बसते?

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून मागं बसलेली काही पोरं हसली. संगीतशास्त्रात एम्.ए., पीएच्.डी.! नोकरीचं बोल, खोलीच्या भाड्याचं बोल, हे काय काढलंस मधेच? आणि बोलणारा कोण, तर गोदीत माल उचलणारा मॅट्रिक. कबूल. मला त्या वर्गात कुणी बसवणार नाही. पण ज्या गाण्यांवर, ज्या वाद्यांवर तिथं प्रबंध लिहितात, त्यातली पुष्कळशी आपल्या घरातली आहेत. आपल्या घरातल्या भांड्यांची मोजदाद चाललीय आणि आपण रस्त्यावर उभे. हे किती दिवस चालवायचं?

आधी हा विषय आला कुठून ते बघू. १८८५ साली गिडो आडलर नावाच्या ऑस्ट्रियन पंडितानं एक निबंध लिहून संगीतशास्त्राची चौकट आखली. युरोपच्या संगीताला त्यानं इतिहास दिला. बाकीच्या जगाच्या गाण्यांसाठी एक वेगळा कप्पा ठेवला, तौलनिक अभ्यासाचा. म्हणजे त्यांना इतिहास आणि आपल्याला तुलना! १९०० साली बर्लिनमध्ये कार्ल श्टुम्फनं सयामच्या एका नाटक मंडळीचं संगीत मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतलं. त्यातून ध्वनिसंग्रह उभा राहिला आणि पुढं गोऱ्यांनी जिंकलेल्या मुलखांतून तिथं नळकांडी येत राहिली. १९५० साली याप कुन्स्ट या डच अभ्यासकानं या शास्त्राला एथ्नोम्युझिकॉलॉजी हे नाव दिलं. १९५५ साली अमेरिकेत त्याची संस्था निघाली.

१९६४ साली ॲलन मेरियम या अमेरिकन माणसानं मात्र एक कामाची गोष्ट सांगितली. संगीत म्हणजे नुसता आवाज नाही. आवाज, माणसांची वागणूक आणि त्यामागच्या कल्पना, या तिन्हींचा एकत्र अभ्यास करा, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य खिशात ठेवा. पुढं लागणार आहे.

आपल्याकडं १९०१ साली पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून उस्तादांच्या गळ्यातल्या चिजा कागदावर आणल्या, राग दहा थाटांत बसवले. १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरली, १९२६ साली लखनौला कॉलेज निघालं. मोठं काम आहे, कोण नाही म्हणतो? पण त्यातून जो अभ्यासक्रम तयार झाला त्याच्या मध्यभागी राग बसला. आजही बहुतेक विद्यापीठांत संगीताचं एम्.ए. म्हणजे राग, ताल आणि घराणी. आपण कुठं? 'लोकसंगीत' नावाच्या एका प्रकरणात. लावणी, पोवाडा, गोंधळ, भारूड, दोन-दोन ओळी. परीक्षेला आलं तर आलं.

आता हलगी घ्या. १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जगातल्या सगळ्या वाद्यांची वर्गवारी केली. तिचं मूळ कुठं? ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयातल्या मायों या माणसाच्या यादीत. आणि त्या यादीचे चार वर्ग जुळतात आपल्या संस्कृत ग्रंथांतल्या चार वर्गांशी. तत, सुषिर, अवनद्ध, घन. तर या वर्गवारीत हलगी चामडी वाद्यात बसते. गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं, दोन काड्यांनी वाजवायचं. ढिलं पडलं की शेकोटीवर धरायचं. सगळं बरोबर. एक अक्षर खोटं नाही.

पण ते कातडं कुणी सोललं? मेलेलं जनावर कुणी ओढलं? गावात माणूस मेला की हलगी घेऊन कुणी पुढं चालायचं? जत्रेत पालखीच्या पुढं हलगी आणि पालखी देवळात शिरली की वाजवणारा बाहेर, हे कोणत्या वर्गात बसतं? तत, सुषिर, अवनद्ध, घन. पाचवा वर्ग तिथं नाही. तो चातुर्वर्ण्यातही बाहेरच होता.

दक्षिणेत बघा. मृदंगमला गाईचं कातडं लागतं. वाजवणारे बहुतेक ब्राह्मण, घडवणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. टी. एम. कृष्णा या गायकानं या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. २०२० साली चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनासाठी दिलेली जागेची परवानगी ऐनवेळी काढून घेतली. कार्यक्रम दुसरीकडं करावा लागला. मृदंगम चालतो, त्याच्या कातड्याचं नाव काढलेलं चालत नाही! मेरियमचं वाक्य खिशातून काढा. आवाज पाहिजे, पण वागणूक आणि कल्पना लिहायची वेळ आली की शास्त्राला घाम फुटतो.

आता आपल्या घरातलं भांडण. बाबासाहेबांनी सांगितलं, हलकी कामं सोडा, मेलेली ढोरं ओढू नका, गावकीचा जू मानेवरून फेका. आपल्या बापजाद्यांनी फेकला. त्याच्याबरोबर कितीतरी घरांतली वाद्यंही गेली. कुणी माळ्यावर टाकली, कुणी चुलीत घातली. आणि आता टेपरेकॉर्डर घेऊन संशोधक येतो. म्हणतो, वाजवून दाखवा. म्हातारा म्हणतो, सोडलं आम्ही. संशोधक हळहळतो, वहीत लिहितो : परंपरा लुप्त.

लुप्त नाही झाली, साहेब. टाकून दिली. लुप्त होणं आणि टाकून देणं यात एका सबंध लढ्याचं अंतर आहे. ज्या म्हाताऱ्यानं हलगी खाली ठेवली त्याचं न वाजवणं हाही संगीताचा इतिहास आहे. वाजलेलं सगळे लिहितील. न वाजलेलं का वाजलं नाही, हे आपल्याशिवाय कोण लिहिणार?

आणि ज्यांनी परत उचलली त्यांचंही लिहायला पाहिजे. तमिळनाडूत परई नावाचं आपल्या हलगीच्या जातीचं वाद्य आहे. तिथंही तेच झालं, मरणाचं वाद्य म्हणून लाज. मग दलित चळवळीतल्या पोरापोरींनीच ते मोर्चात आणलं. जे. टी. अप्पावू हा दलित धर्मशास्त्राचा मास्तर. त्यानं लोकसंगीत चर्चच्या प्रार्थनेत घुसवलं. त्याच्यावर झोई शेरिनियन या अमेरिकन बाईनं २०१४ साली पुस्तक लिहिलं. चांगलं आहे. पण आपल्या शाहिरांवर असं पुस्तक लिहायला अमेरिकेहून कोण येतंय, याची वाट बघत बसायचं का?

वाट बघणाऱ्याचं काय होतं तेही ऐका. १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्याचा पोरगा ॲलन अमेरिकेत लुइझियानाच्या अंगोला तुरुंगात यंत्र घेऊन गेले. तिथं हडी लेडबेटर हा काळा कैदी भेटला. जग त्याला लेड बेली म्हणतं. त्यांनी त्याची गाणी उतरवली म्हणून ती आज आपल्याला ऐकू येतात, हे खरं. आणि 'गुडनाइट, आयरीन'च्या हक्कावर लेडबेटरच्या शेजारी जॉन लोमॅक्सचं नाव लागलं, हेही खरं. १९५० साली दुसऱ्यांच्या गळ्यातून ते गाणं अमेरिकाभर गाजलं. लेड बेली १९४९च्या डिसेंबरमध्येच मेला होता.

आपल्याकडं चांगलंही झालंय, तेही सांगतो. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या त्यात आहेत. ओवीपुढं गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. हे करता येतं. १९८२ साली एथ्नोम्युझिकॉलॉजीचा एक संग्रह आपल्या देशात निघाला, परदेशी अभ्यासकांनी इथून नेलेल्या ध्वनिफितींच्या प्रती इथं परत याव्यात म्हणून. आज तो दिल्लीजवळ गुरुग्रामला आहे. तिथून वस्तीपर्यंतचा रस्ता आपल्याला बांधायचाय.

शेवटचा मुद्दा भीमगीतांचा. पंडित नाक मुरडतात. चाल सिनेमाची, कव्वालीची, हे कसलं लोकसंगीत? अरे, सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. भीमराव कर्डकांच्या जलशानं तेच केलं. उशिरा अक्षरं शिकलेल्या वामनदादांनी गावोगाव हजारो गाणी पेरली. चाल लोकांच्या कानात आधीच असते, म्हणून नवा शब्द पहिल्या फेरीतच पाठ होतो. ज्यांच्याकडं शाळा नव्हती, छापखाना नव्हता, त्यांची ही पद्धत आहे. उसनी चाल ही आपली गरिबी नाही, तो आपला प्रचाराचा तंत्रविचार आहे. यावर प्रबंध व्हायला पाहिजे आणि तो आपल्यातल्या कुणी लिहायला पाहिजे.

तर बी.ए. झालेल्यांनी अर्ज भरा. स्वरलिपी शिका, ध्वनिमुद्रण शिका, इंग्रजी शिका. तोंडी परीक्षेत विचारा, हे कातडं कुणाच्या हातचं? माझ्यासारख्या न शिकलेल्यांनी मोबाइल काढा. आजीची गाणी घ्या. तिला विचारून घ्या. तिचं नाव, गाव, तारीख आवाजातच बोलून ठेवा आणि एक प्रत तिच्या घरी ठेवा. ती म्हणाली, हे गाणं आता नको, तर ते 'नको'सुद्धा लिहून ठेवा, कारणासकट.

आमच्या गोदीत बापाच्या पिढीला जड ओझ्याखाली 'हैशा'ची साखळी होती. कंटेनर आले, क्रेन आली, हैशा थांबला. तो कुणी उतरवून घेतला नाही. म्हातारे हमाल अजून जिवंत आहेत. या रविवारी मी त्यांच्याकडं जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येतंय, हात वर करा.