कंबर कसा, खांदे सोडा



मराठीत ‘कंबर कसणे’ असा एक वाक्प्रचार आहे. आपण तो निवडणुकीपासून परीक्षेपर्यंत कुठेही वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ अगदी शब्दशः आहे. कामाला लागण्यापूर्वी शेला किंवा पदर कमरेला घट्ट बांधायचा आणि मगच ओझ्याला हात घालायचा. शनिवारी रात्री एसटी स्टँडवर गडांकडे निघालेली मुलंमुली दिसतात, तेव्हा मला हा वाक्प्रचार हटकून आठवतो. पाठीवर भलीमोठी सॅक, खांद्यांत रुतलेले पट्टे आणि कमरेचा पट्टा मात्र दोन्ही बाजूंना मोकळा लोंबकळणारा. तो पट्टा शोभेचा आहे, असाच पुष्कळांचा समज दिसतो. वास्तविक सॅक म्हणजे तो पट्टाच. बाकीची नुसती पिशवी.

माझी एक भाची चार वर्षांपूर्वी हिमालयात आठ दिवसांच्या ट्रेकला गेली होती. सॅक उसनी आणलेली, तीही एका उंच मुलाची. तिच्या पाठीला ती इतकी लांब, की कमरपट्टा कमरेखाली घसरायचा. चालताना अडथळा होतो म्हणून तिने तो उघडाच ठेवला. चौदा किलो ओझं चार दिवस दोन खांद्यांवर. पाचव्या दिवशी सकाळी वेणी घालायला तिचा उजवा हात वर जाईना. दुखत फारसं नव्हतं, नुसती ताकदच गेलेली. परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की मानेकडून हातात उतरणारा नसांचा जुडगा पट्ट्याखाली दाबला गेला आहे. वैद्यकशास्त्रात याला ‘रकसॅक पाल्सी’ असंच नाव आहे. सैनिकांत हा प्रकार जुनाच. हात पूर्ववत व्हायला तिला तीन महिने लागले. पोरगी चित्रकलेची विद्यार्थिनी. ते तीन महिने घरात कोणी रंगांचा विषय काढत नव्हतं.

म्हणून आज सॅकविषयी बोलायचं आहे.

ओझं हाडावर ठेवावं, मांसावर नाही, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवलं नव्हतं. डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर हंडा, आणि कळशी कमरेच्या हाडावर टेकवलेली. खांद्यावर टाकायची ती वारकऱ्याची पडशी. तिला दोन तोंडं, एक भाग पोटाकडे आणि एक पाठीकडे, म्हणजे तोल आपोआप साधतो. आमच्या जुन्नरहून नाणेघाटाकडे जाताना मला नेहमी वाटतं, या घाटाने शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून गोण्या गेल्या असतील. दोन्ही बाजूंना सारख्या भारलेल्या आणि खाली खोगीर. खोगीर नसेल तर बैलाची पाठ सोलवटून निघते. माणसाने मात्र स्वतःसाठी खोगीर फार उशिरा केलं. कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टी नावाच्या एका सुताराने डोंगरात चालता चालता सॅकच्या चौकटीची खालची टोकं आपल्या पँटच्या मागच्या खिशांत खोचली. खांद्यांवरचा भार एकदम हलका झाला. 1952 साली त्याने अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला काढल्या, त्याची बायको त्या घरी शिवत असे. पुढे 1967 मध्ये ग्रेग लोव यांनी ही चौकट पिशवीच्या आत नेली. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक मोठ्या सॅक याच घराण्यातल्या.

दुकानात गेलं, की पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरची दाखवू?’ त्याचं उत्तर लगेच देऊ नका. आधी पाठ मोजा. शिंप्याची टेप घरात असतेच. मान खाली घातली, की मानेच्या मुळाशी एक मणका वर येतो, तो एक बिंदू. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, बोटं पुढे आणि अंगठे मागे. हाताला कमरेच्या हाडाची कड लागेल. त्या कडेच्या पातळीत अंगठे पाठीवर जिथे रोखलेले असतील, तो दुसरा बिंदू. या दोहोंमधलं अंतर, पाठीच्या वळणावरून टेप फिरवून, ही तुमची पाठ. मोठ्या माणसांत ती साधारण 40 ते 50 सेंटीमीटरच्या आसपास भरते. तिचा उंचीशी संबंध असतोच असं नाही. लांब पायांच्या माणसाची पाठ आखूड असू शकते आणि माझ्यासारख्या बुटक्याची लांब. काही सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वरखाली सरकवून ही लांबी जुळवता येते. घरात दोघांतिघांना मिळून एकच सॅक वापरायची असेल, तर अशीच घ्यावी. बायकांसाठी वेगळ्या घडणीच्या सॅक मिळतात. त्यांची पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे जवळ आणि वळणदार असतात आणि कमरपट्ट्याचा कोन वेगळा असतो. कोणी म्हणेल, हा नुसता गुलाबी रंगाचा धंदा आहे. रंगाचं जाऊ द्या, घडण पाहा.

लिटरचं गणित त्यामानाने सोपं. एका दिवसाच्या गडाला 20 ते 30 लिटर पुष्कळ. एक मुक्काम असेल तर 40 ते 50. हिमालयात आठवडाभर जायचं असेल तर 60 च्या आसपास. सॅक जितकी मोठी तितकी ती भरली जाते, हा निसर्गनियम आहे. ‘खोगीरभरती’ हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. माझी खाला हजहून परतली तेव्हा कौतुकाने सांगायची, की मिना, अराफात, मुझदलिफा या दिवसांत मोठी बॅग मागे मक्क्यातच राहिली, पाठीवरच्या एका पिशवीवर सगळं निभलं आणि कशावाचूनही अडलं नाही.

वजनाचा ढोबळ हिशेब असा, की एका दिवसाला आपल्या वजनाच्या दहावा हिस्सा आणि मुक्कामाच्या ट्रेकला पाचवा. म्हणजे 55 किलोच्या मुलीने 11 किलोपर्यंत थांबावं. यात सॅकचं स्वतःचं वजन आलं. मोठी सॅक रिकामीच दीड-दोन किलोंची असते. यात पाणीही आलं. सह्याद्रीत उन्हाळ्यात तीन लिटर पाणी लागतंच, म्हणजे तीन किलो. शाळकरी मुलांच्या दप्तरालाही सरकारच्या 2020 च्या धोरणाने दहा टक्क्यांचीच मर्यादा घातली आहे. गंमत अशी, की मोठ्यांच्या हौसेच्या सॅकला कमरपट्टा असतो आणि मुलांच्या रोजच्या दप्तराला नसतो.

आता सॅक अंगावर चढवू. रिकामी सॅक आरशासमोर सगळ्यांनाच छान बसते, तेव्हा दुकानात जाताना घरून तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या न्याव्यात. दुकानदार हसेल, हसू द्या. सॅक भरा, सगळे पट्टे सैल करा आणि पाठीवर घ्या. आता आधी कमरपट्टा. तो पोटावर नको. कमरेच्या हाडाची वरची कड पट्ट्याच्या मध्यावर यायला हवी. तिथे तो आवळा. मग खांद्याचे पट्टे खाली आणि मागे ओढा, पण इतकेच, की ते खांद्याला चिकटतील, दाबणार नाहीत. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. खांद्याजवळ वरच्या बाजूला दोन लहान पट्टे असतात. ते हलकेच ओढले, की सॅकचं डोकं पाठीकडे येतं. शेवटी छातीचा पट्टा, हासळीच्या हाडाखाली दोनेक बोटं, श्वास अडणार नाही इतपत. नीट बसलेल्या सॅकचा तीनचतुर्थांशाच्या आसपास भार कमरेवर उतरतो. पंधरा मिनिटं दुकानातच हिंडा, जिना असेल तर चढा-उतरा. भाचीने या वर्षी सॅक घेतली तेव्हा पाच नमुने अंगावर घालून पाहिले आणि सगळ्यात महागडा परत ठेवला.

भरण्याची रीत महत्त्वाची आहे. तळाला स्लीपिंग बॅगसारखं हलकं आणि फुगीर सामान. पाणी, शिधा, स्टोव्ह हे जड सामान मध्यभागी, पाठीला चिकटून. कपडे बाहेरच्या अंगाला. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली, की सॅक मागे ओढते आणि माणूस तोल साधायला पुढे वाकतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या कातळावर असं मागे ओढलं जाणं परवडत नाही. बाहेर पातेली, बाटल्या, चपला लटकवण्याची फॅशन आहे. करवंदीच्या जाळीत त्या अडकतात आणि अरुंद आडव्या वाटेवर ऐन वेळी झोका देतात.

हिमालयात सामान पोर्टरकडे किंवा खेचरावर देण्याची सोय असते. वय झालं, गुडघे कुरकुरतात, तर द्यावं. त्यात कमीपणा नाही. नेपाळचे भारवाहक डोको नावाच्या टोपलीला नामलो हा पट्टा लावून तो कपाळावर घेतात. 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के ओझं नेत होते. हे वाचून त्यांच्या ताकदीचं कौतुक करणारे बरेच भेटतात. मला त्यात पोट दिसतं. मालवाहू माणसाला आपण ‘हमाल’ म्हणतो. हा अरबी शब्द आहे आणि ‘वाहणारा’ हाच त्याचा अर्थ. त्यात हलकेपणा आपण घातला. आपली सॅक दुसऱ्याच्या पाठीवर जाणार असेल, तर ती आपणच वाहणार आहोत अशा बेताने भरावी.

पावसाचं एक सांगतो. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली सॅकही शिवणीतून गळते. वरून घालायचं आवरण पाठीकडून उघडंच असतं, शिवाय वाऱ्याने उडतं. त्यापेक्षा आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. घेताना चेन आणि क्लिपा दहा वेळा उघडझाप करून पाहाव्यात. डोंगरात कापड सहसा दगा देत नाही, क्लिप देते. एक जादा क्लिप आणि हातभर सुतळी जवळ असू द्यावी. घरी आल्यावर सॅक वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. सगळे कप्पे झाडून घ्या, ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत उलटी टांगा. कमरपट्ट्यात मुरलेलं घामाचं मीठ मात्र साध्या पाण्याने नीट धुवावं. ते राहिलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पट्टा कडक होतो आणि कातडी सोलतो.