रक्ताची पूर्वसूचना


अमरावती-अकोल्याकडील आपल्या घरांत मधुमेहाची ओळख पुष्कळदा जखम चिघळल्यावरच पटते. वस्तुतः रक्त त्याची वर्दी वर्षानुवर्षे आधी देत असते. ‘एचबीए१सी’ तपासणी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. ५.७ ते ६.४ टक्के हा आकडा सावधगिरीचा, ६.५ पासून मधुमेह समजतात.

परंतु यात एक मेख आहे. विदर्भात सिकलसेल आढळतो. त्या रोगात तांबड्या पेशी अकाली नष्ट होतात, त्यांस साखर चिकटण्यास अवधी मिळत नाही, व आकडा खोटाच कमी येतो. लोहाच्या उणिवेने तो उलट फुगू शकतो. सोयरीक मोडेल या भीतीने सिकलसेल आम्ही दडवीत आलो. निदान डॉक्टरांपाशी तरी तो सांगावा, म्हणजे ते उपाशीपोटीची साखरही पाहतील.