आंबेनळीची वाट

मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून बाणकोटच्या खाडीकाठी, गावी निघालोय. पण वाटेवरूनच घरात वाद! मुलगा म्हणतो, कऱ्हाड-चिपळूणवरून जाऊ, लांब पडलं तरी कुंभार्लीचा रस्ता रुंद आहे. माझ्या अम्मीला मात्र महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटच उतरायचाय. वय एक्क्याऐंशी. वळणं लागली की पोटात ढवळतं. आवळासुपारी आताच बटव्यात पडलीय.

मुलानं तिला २०२१च्या जुलैतले दरडींचे फोटो दाखवले. ती म्हणाली, "तो पाऊस होता रे!" खरंच आहे. मे महिन्यात भीती दरडीपेक्षा तापलेल्या ब्रेकची. पोलादपूरपर्यंत चाळीसेक किलोमीटर, बहुतेक उतारच. दुसऱ्या गिअरमध्ये, थांबत थांबत उतरायचं. आणि महाबळेश्वर सकाळी लवकर ओलांडायचं, नाहीतर मक्याची कणसं खाणाऱ्या गर्दीतच दुपार होते.

हट्टाचं कारण मला ठाऊक आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा याच डोंगरातून निघून शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतात. सावित्री तेवढी पश्चिमेला, आमच्या बाणकोटला येते. अम्मी लग्न होऊन तिच्या उलट्या दिशेनं, एस.टी.नं हाच घाट चढून आली होती. अब्बांना गावी दफन केलं, त्यानंतर ती गेलेली नाही. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. ती गडग्याबाहेर उभी राहून फातेहा म्हणेल.

काल मुलगा काही न बोलता गाडीचे ब्रेक तपासून आला.