पास आणि बसायची जागा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही व माझे शिक्षणही सातवीपर्यंतचेच. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, २०२४ च्या मे महिन्यात तुम्ही युरोपात आगगाडीने हिंडून आलात, त्याविषयी चार शब्द बोला. स्थळांची वर्णने पुष्कळजणी करतात. मी आपली गाडीतल्या जागेचीच हकीकत सांगते.

माझे धाकटे दीर जर्मनीत स्टुटगार्टला असतात. त्यांच्या मुलीच्या बारशाला आम्ही पाचजण निघालो. सासूबाई, नणंदबाई, हे, आमचा दहा वर्षांचा मुलगा आणि मी. विमान पॅरिसपर्यंतचे होते व पुढच्या प्रवासासाठी युरेलचे पास घेतले होते. युरोपाबाहेरच्या लोकांसाठी हा पास १९५९ पासून आहे. आमचा पास महिन्याभरातील कोणतेही पाच दिवस वापरण्याचा होता. त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्या बदलाव्यात. बारा वर्षांच्या आतील मुलाला तर पास फुकट! आपल्या एस्टीच्या 'आवडेल तेथे प्रवास' सारखेच हे, असे धरून आम्ही निर्धास्त होतो.

खरे म्हणजे लोकलचा पास पर्समध्ये ठेवून दादरपर्यंत उभ्याने जाणे आपल्याला काय नवीन आहे? पास म्हणजे जागा नव्हे, हे मला तरी सुचायला हवे होते.

शनिवारी सकाळी पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनावर गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पास पाहिले व आरक्षण विचारले. पॅरिसहून जर्मनीस जाणाऱ्या जलद गाडीत जागा राखल्यावाचून चढताच येत नाही. पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागा थोड्या, आणि त्या दिवसाच्या संपलेल्या. पूर्ण भाड्याची तिकिटे शिल्लक होती, पण पाचजणांची रक्कम ऐकून ह्यांनी पाकीट पुन्हा खिशात घातले. उभ्याने जाऊ म्हणावे, तर ती सोय नाही. वेटिंग लिस्ट नाही की आरएसी नाही. संध्याकाळी बारसे, आणि बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या पॅरिसच्या बाकावर बसलेली! सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागले.

रविवारच्या गाडीत जागा मिळाल्या. मुलाचा पास फुकट असला तरी त्याच्या जागेचे पैसे पडलेच. पासचा दिवस आम्ही अजून सुरू केला नव्हता, तो तेवढा वाचला. बारसे दुसऱ्या दिवशी झाले खरे, पण दिरांनी बोलावलेली मंडळी आदल्या रात्री जेवून गेली होती, ती काही पुन्हा आली नाहीत.

त्या रात्री हॉटेलात मी मुलाची चौकटीची वही मागून घेतली व रकाने आखले: गाडी कोणती, आरक्षण सक्तीचे की ऐच्छिक, आणि जागा न मिळाल्यास दुसरी साधी गाडी कोणती. हे हसले. पण स्टुटगार्टला पोचल्यावर दिरांच्या संगणकावर मी एकेक रकाना भरला. सक्तीच्या गाड्या आधी राखल्या आणि लॉज मागाहून ठरवले. आम्ही आधी उलटे करीत होतो.

जर्मनीतल्या बहुतेक गाड्यांत आरक्षण ऐच्छिक असते. तरी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी थोडे युरो देऊन जागा राखल्या. तेथे कोणती जागा कोठून कोठपर्यंत राखलेली आहे, ते बाकापाशी लिहिलेले दिसते. स्वित्झर्लंडमध्ये साध्या गाड्यांत खुशाल बसावे. बर्निनाच्या घाटातून इटलीतील तिरानोला जाणारी काचेच्या मोठमोठ्या खिडक्यांची एक खास गाडी आहे; तिला पासवर वेगळे पैसे भरून जागा राखावी लागते. परंतु त्याच रुळांवरून साधी गाडीही जाते! आम्ही तिने गेलो. आमच्या डब्याची खिडकी उघडत होती, तेव्हा सासूबाईंनी मे महिन्यात बर्फाचा वारा तोंडावर घेतला. तिरानोहून मिलानलाही साधी गाडी मिळाली. मिलान ते रोम मात्र जलद गाडी, सक्तीचे आरक्षण, माणशी दहा-पंधरा युरो. ते मी स्टुटगार्टलाच करून ठेवले होते. रोमच्या गाडीत पाचही जागा शेजारी मिळाल्या, तेव्हा सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "पुढल्या खेपेला पैसे तू ठेव, वही तिच्याकडे असू दे."

वही मी येथे आणली आहे. कोणाला उतरून घ्यायची असेल तर कार्यक्रम संपल्यावर जरूर घ्यावी. फक्त गाड्यांच्या वेळा उतरू नका, त्या तिकडे दर डिसेंबरात बदलतात.