वाळीत टाकणं हा गुन्हा आहे



एका घराशी कुणी बोलायचं नाही.
लग्नाला बोलवायचं नाही.
मयतालासुद्धा जायचं नाही.

जातपंचायतीनं असा हुकूम सोडला,
तर त्या घरानं जायचं कुठं?

पोलीस ठाण्यात!
कारण महाराष्ट्रात वाळीत टाकणं हा गुन्हा आहे.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा कायदा 2016 साली झाला.
पुढच्या वर्षी लागू झाला.
शिक्षा, तीन वर्षांपर्यंत कैद,
किंवा एक लाखापर्यंत दंड,
किंवा दोन्ही.

पण मला मोलाचा वाटतो तो वेगळाच भाग.
बहिष्कारासाठी बैठक भरणार असं कळलं,
तर जिल्हाधिकारी ती आधीच रोखू शकतात.

लक्षात ठेवा, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे.
तक्रार घरातलं कुणीही करू शकतं,
पोलिसांकडे,
किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.