मोहाचं गणित फळ्यावर

उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, अन् मोहही सकाळीच पडतो. मग वर्गात निम्म्या जागा रिकाम्या. पोरं आईसोबत झाडाखाली. गुरुजी म्हणायचे, "तुम्हीच पोरांचं नुकसान करता." आम्हाला राग यायचा. त्याच पैशातून वह्या येतात ना! पण पहाटे पोर जंगलात नेताना वाघाच्या भीतीनं जीव थाऱ्यावर नसायचा, हेही खरं.

गटाच्या बैठकीत ठरवून आम्ही पाचजणी शाळेत गेलो. दारातच पाय अडले. शिकवण्यातलं आपल्याला काय कळतं? पण चौथीच्या बाई म्हणाल्या, "ती फुलंच आणा वर्गात."

पोरांनी ओली फुलं तोलली, वाळत घातली, रोज वजन करून वहीत मांडलं. एकानं घरची पायली आणली, तीही वाळलेल्या फुलांनी भरून काट्यावर ठेवली. व्यापारी पायलीला जितके किलो धरायचा, त्याहून जास्त फूल भरलं! इतकी वर्षं आम्ही गटाचे हिशेब लिहितो, पण हे एकीलाही सुचलं नव्हतं. आता आम्ही काट्यावरच विकतो. वेचायलाही बाया मिळून जातो, पोरांना नेत नाही. दोन घरी मात्र आई एकटीच कमावती, तिथली पोरं अजून जातात. त्यांना बोल लावायला आमचं तोंड होत नाही.

कामातून शिकणं आपल्या भागाला नवं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती, सूतकताई, स्वयंपाक करत शिकतात. आपल्या भद्रावतीतच ग्रामोदय संघ आहे. मातीचं काम शिकायला लोक तिथं लांबून येतात, अन् आपल्या पोरांनी चाक फिरताना पाहिलेलं नसतं.

आणखी एक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, अन् समितीत निम्म्या बाया. कागदावर आपली नावं असतातही. पण रजिस्टर घरी येतं, आपण सही करतो, झालं.

येत्या बैठकीला आम्ही दोघी पोरांची ती वही घेऊन जाणार आहोत. मोहाच्या दिवसांत शाळा तासभर उशिरा भरवता येईल का, हे विचारायचं आहे. ऊन चढतं, ते आम्हालाही कळतं. म्हणून सुटी नेहमीच्याच वेळी, अन् राहिलेला तास पावसाळ्यात भरून काढायचा, असं आम्ही सुचवणार आहोत.