गाडीचा ब्रेक खरखरतोय?

आपल्या अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या, दमट हवेत उभ्या गाडीच्या ब्रेकच्या चकतीवर रात्रीत गंज चढतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, मग आवाज थांबतो. त्याची काळजी नको.

पण दर ब्रेकला कर्रकर्र होत राहिलं, तर समजा, पॅड झिजून लोखंडावर लोखंड घासतंय. अशी गाडी पोराबाळांना घेऊन कार्लेखिंडीच्या उतारावर नेऊ नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा.

महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघा. पॅडचा थर ३ मिलिमीटरहून कमी दिसला, तर डावी-उजवी दोन्हीकडचे पॅड एकदम बदलून घ्या. आवाज जावा म्हणून तेल मात्र घालू नका, ब्रेक लागणारच नाही. पॅड बदलल्यावर पेडल कडक लागेपर्यंत दाबा, मगच गाडी हलवा.